पिस्टनवरची चंद्रकोर

पाडव्याच्या शोभायात्रेत बाबांची बुलेट काढायची होती. मध्ये आला बोरघाट, कर्जतचे एक मामा आणि लहान मुलांच्या खेळण्यातली माती...

चंद्रकोर कपाळावर झकास दिसते. नऊवारी, नथ, काळा गॉगल आणि खाली धडधडणारी बुलेट! गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावात नाहीतर डोंबिवलीत हे दृश्य बघून मान वळली नाही असा माणूस दाखवा. डोंबिवलीची नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली सुरू झाली, तेव्हा मी आईचा हात धरून चालत होते. त्यानंतर दरवर्षी बुलेटवरच्या त्या ताया जवळून जायच्या आणि मी मनाशी म्हणायचे, एक दिवस मी पण. आणि ती पण बाबांच्या बुलेटवरच.

हीच चंद्रकोर पिस्टनच्या डोक्यावर दिसली तर? तर मंडळी, हसू नका. इंजिनाच्या आत व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ पडलेली आहे, आणि ही गाठ कधीच पडायची नसते.

माझ्या बाबतीत ती पडली बोरघाटात. जानेवारीतला रविवार. बाबांची १९८४ सालची बुलेट ३५०, जुनं कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायाला गिअर. दोन महिन्यांपूर्वीच शहरातल्या एका गॅरेजमध्ये तिचं 'हाफ इंजिन' केलं होतं. नवा पिस्टन, नवे रिंग, हेडचं काम. आवाज कसा एकदम कडक! लोणावळ्याहून परत येताना मी चालवत होते, मागे बाबा. जुन्या हायवेने उतरायला लागलो. उतार जबरदस्त, म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि ब्रेकवरचा भार इंजिनावर सोपवला. इंजिन चढ्या सुरात ओरडायला लागलं. मग एकदा 'टक्' असा आवाज आला. नंतर सलग टक् टक् टक्. आणि मग जीवच गेला तिचा. मागे एक ट्रक हॉर्न वाजवत होता. मी क्लच दाबला, गाडी कडेला घेतली. बाबा खाली उतरले आणि एवढंच म्हणाले, "तेल तर व्यवस्थित आहे ना?" त्यांचा हात मात्र माझ्या खांद्यावर घट्ट होता.

उताराचा एक फायदा असतो. क्लच दाबून, ब्रेक धरत धरत आम्ही खोपोलीपर्यंत आलो. तिथून छोट्या हत्तीत बुलेट चढवली आणि कर्जत गाठलं. कारण बाबांचं म्हणणं, बुलेटला हात लावावा तो मामांनीच.

घाई असेल तर एक्स्प्रेस हायवेने जा

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. कर्जत-खोपोली रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये येणारा प्रत्येक जण त्यांना मामाच म्हणतो. सत्तरीच्या आसपासचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला, बोलणं कमी. शेडमध्ये एक बाकडं, एक जुना व्हाइस आणि भिंतीवर फळीवर ओळीने ठेवलेली मापाची हत्यारं. हातोड्यांपेक्षा मापाची हत्यारं जास्त आहेत, हे माझ्या लक्षात आलं ते बऱ्याच नंतर.

"मामा, पाडव्याला हवी," मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आमच्या आयटीत हीच सवय. काम काय आहे ते नंतर, आधी डेडलाइन.

मामांनी माझ्याकडे बघितलंच नाही. बाबांना म्हणाले, "भाऊ, पोरीला सांगा, घाई असली तर एक्स्प्रेस हायवेनं जा म्हणावं." म्हणजे काय हे मला ट्रेनमध्ये समजलं. एक्स्प्रेस हायवेवर टू-व्हीलरला परवानगीच नाही!

मग सुरू झाले माझे शनिवार. सकाळची कर्जत लोकल, स्टेशनवर दिवाडकरांचा वडा आणि शेडमधलं बाकडं. नवरा म्हणायचा, लोक कर्जतला फार्महाऊसवर जातात, तू गॅरेजमध्ये जातेस.

पहिल्या शनिवारी हेड उघडलं. पिस्टनच्या माथ्यावर, काळ्या काजळीत, एक चकचकीत चंद्रकोर. नखाएवढीच. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड तिथे आपटली होती. व्हॉल्व्ह वाकला होता, सीटवर नीट बसत नव्हता, त्यामुळे कॉम्प्रेशन गेलं आणि गाडी मेली. "नशीब," मामा म्हणाले. "व्हॉल्व्हचं डोकं तुटून आत पडलं असतं तर पिस्टन फुटला असता. मग घाटात भाऊ मागं बसलेले नि तुमी पुढं."

मी गप्प. शहरातल्या गॅरेजमधला मुलगा वाईट नव्हता. त्याने टाकलेले पार्ट नवे होते, बिल रीतसर होतं. मग चुकलं कुठे?

पुशरॉड म्हणजे काय रे भाऊ?

आधी थोडं शाळेतलं. फोर स्ट्रोक इंजिनात दोन दारं असतात. इनलेट व्हॉल्व्हमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं, एक्झॉस्टमधून धूर बाहेर जातो. ही दारं उघडायचं काम कॅमचं. आता जुन्या बुलेटमध्ये कॅम बसलेला खाली, क्रँकशेजारी, आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. मग निरोप वर पोचवायचा कसा? तर एका लांब दांड्याने. तोच पुशरॉड. कॅम खालून टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड रॉकरचं एक टोक उचलतो आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्ह खाली दाबतं. अगदी सी-सॉ.

आपल्या आई-बाबांच्या पिढीची बरीच वाहनं याच दांड्यांवर चालली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी घ्या. १०८९ सीसीचं तिचं इंजिन पुशरॉडचंच. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. २०१४ मध्ये बंद झालेल्या अ‍ॅम्बेसेडरचं जुनं इंजिनही पुशरॉडचंच. बुलेटचं कास्ट आयर्न इंजिन २०१० च्या सुमारास थांबलं. त्याआधीच, २००८ पासून, नवं यूसीई इंजिन आलं होतं. त्यात पुशरॉड होते, पण खाली हायड्रॉलिक टॅपेट. २०२३ च्या नव्या बुलेटमध्ये मात्र कॅमच वर हेडमध्ये गेला आणि पुशरॉड संपला. तरीही पुशरॉडवाल्या बुलेट आपल्या आसपास भरपूर आहेत. तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्येही एखादी असेल, ताडपत्रीखाली.

आता गंमत बघा. एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना पिस्टन वर येत असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अजून पुरता बंद झालेला नसतो आणि इनलेट उघडायला लागलेला असतो. डोंबिवलीला लोकल थांबली की उतरणारे उतरताहेत आणि चढणारे घुसताहेत, तसा तो क्षण. दोन्ही दारं अर्धवट उघडी आणि खालून पिस्टन धडकतोय. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो, म्हणजे हा प्रकार सेकंदाला २५ वेळा. सगळा खेळ व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात उरलेल्या दोन-अडीच मिलिमीटरचा.

चार बरोबर, बेरीज चूक

मामांनी एका पुठ्ठ्यावर खडूने चार रेघा ओढल्या. त्या गॅरेजने काय काय केलं त्याचा हिशोब.

एक, हेडचा तळ सपाट करण्यासाठी लेथवर थोडा घासला. चांगली गोष्ट. पण हेड तेवढं खाली आलं.

दोन, आधीच्यापेक्षा पातळ गॅस्केट टाकलं. हेड आणखी खाली.

तीन, ओव्हरसाइज पिस्टन टाकला. मापाने सिलिंडरमध्ये चपखल. पण वेगळ्या कंपनीचा, माथा आधीच्या पिस्टनपेक्षा उंच.

चार, व्हॉल्व्हच्या सीट कापल्या. व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडे आत बसले.

"आता सांगा ताई, यातलं चूक काय?" एकही नाही! प्रत्येक काम आपापल्या जागी ठीक होतं. फक्त चारींची बेरीज कुणी केली नव्हती. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. प्रत्येक मॉड्यूल पास आणि सगळी एकत्र जोडली की सिस्टिम आडवी, हे मी दर महिन्याला बघते. बाबांच्या गाडीच्या बाबतीत मात्र मी बिल बघून खूश झाले होते.

या चार कामांचा दोन ठिकाणी परिणाम होतो, आणि तो सारखा नसतो. पिस्टनच्या अंतराचं बघा: हेड खाली आलं, पिस्टनचा माथा उंच झाला, की अंतर कमी. व्हॉल्व्ह सीटमध्ये आत गेला, की अंतर थोडं जास्त. एक देणं, एक घेणं. आता पुशरॉडचं बघा: हेड खाली आलं, की रॉकर कॅमच्या जवळ येतो, म्हणजे पुशरॉड आखूड हवा. व्हॉल्व्ह आत गेला, की त्याच्या दांड्याचं टोक वर उचलतं, रॉकर दुसऱ्या बाजूला खाली झुकतो, म्हणजे पुन्हा पुशरॉड आखूडच हवा. इथे दोन्ही एकाच दिशेला. पिस्टनच्या उंचीचा पुशरॉडशी काहीच संबंध नाही. म्हणून एक माप घेतलं की दुसरं आपोआप कळेल, हे विसरा. दोन्ही तपासायला लागतात.

पहिली परीक्षा : पुशरॉडची लांबी

जुन्या बुलेटमध्ये पुशरॉडच्या खालच्या टोकाला अ‍ॅडजस्टर असतो, आटे असलेला, चेकनटने आवळलेला. इंजिनाच्या उजव्या बाजूचं छोटं झाकण काढलं की दिसतो. त्यामुळे लांबी कमी-जास्त करता येते, आणि म्हणूनच बहुतेक जण ती तपासत नाहीत. अ‍ॅडजस्टर फिरला ना, मग झालं!

मामांची पद्धत वेगळी. इंजिन पूर्ण थंड, रात्रभर उभं राहिलेलं. प्लग काढलेला, म्हणजे हाताने फिरवताना कॉम्प्रेशन आडवं येत नाही. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. मग दोन बोटांनी पुशरॉड फिरवून बघायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. "चपातीच्या पिठासारखं हाय," मामा म्हणाले, "हाताला कळायला लागतं, सांगून येत नाय."

इथवर सगळे करतात. मामा पुढे गेले. अ‍ॅडजस्टरचे किती आटे आत आहेत आणि किती बाहेर, ते त्यांनी मोजले. आमच्या गाडीत एक्झॉस्टचा अ‍ॅडजस्टर जवळजवळ तळाला टेकला होता. आखूड करायला जागाच उरली नव्हती. अजून थोडी झीज झाली असती, सीटमध्ये व्हॉल्व्ह आणखी थोडा बसला असता, तर तो पूर्ण मिटलाच नसता. मिटला नाही की गरम धूर फटीतून निसटत राहतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. म्हणजे चंद्रकोर उमटली नसती, तरी सहा महिन्यांत दुसरं संकट रांगेत उभं होतंच.

मग मार्कर पेन. व्हॉल्व्हच्या दांड्याच्या टोकाला काळा रंग लावला, हेड बसवलं, इंजिन हाताने फिरवलं, पुन्हा बघितलं. रॉकर जिथे घासला तिथला रंग गेलेला. हा पट्टा अरुंद आणि मध्यभागी हवा. एका कडेला गेला तर समजायचं, रॉकर तिरका दाबतोय. व्हॉल्व्हचा दांडा आणि गाइड एका बाजूने झिजणार. आमचा पट्टा कडेला होता. लांबी चुकली की हा पुरावा मिळतो, आणि त्याला खर्च एका मार्करचा.

आणि हो, काढलेले पुशरॉड मामांनी दोन वेगळ्या बाटल्यांत ठेवले होते, चिठ्ठी लावून. इनलेटचा इनलेटलाच, एक्झॉस्टचा एक्झॉस्टलाच. वर्षानुवर्षं एकमेकांना घासून जुळलेल्या जोड्या मोडायच्या नाहीत म्हणे. काचेवर लोळवून ते वाकलेत का तेही बघितलं.

दुसरी परीक्षा : मातीची

पुढच्या शनिवारी मामांनी मला येताना एक वस्तू आणायला सांगितली. लहान मुलं खेळतात ती रंगीत माती! मी स्टेशनरीच्या दुकानातून आणली, हिरवी. दुकानदाराने विचारलं, मुलगी कितवीत आहे? मी म्हटलं, चाळिशीची आहे, डोंबिवलीला असते. बुलेटबद्दल बोलत होते मी.

मामांनी पिस्टनच्या माथ्यावर, जिथे व्हॉल्व्ह समोर येतात तिथे, मातीच्या दोन जाड वड्या थापल्या. व्हॉल्व्हला तेलाचं बोट लावलं, म्हणजे माती चिकटणार नाही. आधी पिस्टन जुनाच ठेवला, व्हॉल्व्ह नवा. "पहिलं दुखणं कळू दे, मग औषध आणू." तेच पातळ गॅस्केट, हेड पूर्ण आवळलं, पुशरॉड बरोबर लावले. मग क्रँक हाताने, अगदी सावकाश, दोन पूर्ण फेरे. दोन का? कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो, तेव्हा कुठे दोन्ही व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतात. कुठे अडल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही.

हेड परत काढलं. मातीत दोन खड्डे उमटले होते, पायाच्या ठशांसारखे. मामांनी ब्लेडने माती मधोमध कापली आणि सगळ्यात पातळ जागेची जाडी व्हर्निअरने मोजली. इनलेटला १.६ मिलिमीटर. एक्झॉस्टला ०.९.

इंजिन बांधणारे जगभर साधारण एक नियम पाळतात: इनलेटला किमान २ मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच. एक्झॉस्टला जास्त, कारण तो जास्त तापतो, लांबतो आणि मिटत असताना पिस्टन त्याचा पाठलाग करत असतो. व्हॉल्व्हची गोल कड आणि पिस्टनमधल्या खोबणीची भिंत यांच्यातही सव्वा मिलिमीटरच्या आसपास मोकळी जागा लागते. आणखी एक, हे अंतर सगळ्यात कमी असतं ते बरोबर टॉपला नव्हे. एक्झॉस्टचं टॉपच्या थोडं आधी, इनलेटचं थोडं नंतर. म्हणूनच नुसतं टॉपला आणून मोजणं फसवं. माती मात्र सगळा प्रवास नोंदवून ठेवते.

"पण मामा, ०.९ म्हणजे लागत तर नव्हता ना?" मी विचारलं. टेस्टरची खोड.

मामांनी आमचे जुने व्हॉल्व्ह स्प्रिंग नव्यांच्या शेजारी उभे केले. आमचे बुटके! चाळीस वर्षं दबून दबून थकलेले. त्या गॅरेजने ते बदललेच नव्हते. हाताने सावकाश फिरवताना व्हॉल्व्ह कॅमच्या मागोमाग शहाण्यासारखा मिटतो. पण घाटाच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडीच इंजिनाला पळवत होती. थकलेला स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेवर वर ओढू शकला नाही. व्हॉल्व्ह क्षणभर मागे राहिला आणि पिस्टन येऊन भेटला. ०.९ मिलिमीटर तेवढ्यात संपले. चढताना काही झालं नाही, शहरात काही झालं नाही. झालं ते उतरताना, बाबा मागे बसलेले असताना.

अडीच मिलिमीटर जागा ठेवायची ती या दिवसासाठी.

आणि पाडवा?

आता औषध. सोपा उपाय एक होता, सिलिंडरच्या खाली जाड पॅकिंग टाकून सगळंच वर उचलायचं. मामांनी तो नाकारला. अंतर वाढलं असतं, पण कॉम्प्रेशन कमी झालं असतं. दुसरा उपाय, पिस्टनमधल्या खोबणी खोल करणं. त्यासाठी माथ्याची जाडी मोजायला हवी, नाहीतर पिस्टन तिथेच भोकं पाडून घेईल. तिसरा, योग्य उंचीचा पिस्टन आणि योग्य जाडीचं गॅस्केट मागवायचं. त्याला लागणार होते दहा दिवस. पाडवा होता आठ दिवसांवर.

मी हिशोब करून बघितला. बाबांकडे बघितलं. बाबा चहा पीत होते, रस्त्याकडे बघत. त्यांनी एक शब्द काढला नाही. १९८४ मध्ये ही गाडी घेतली तेव्हा त्यांनीही वाट बघितलीच असेल.

"मागवा," मी म्हटलं.

मामा पहिल्यांदा हसले. "आणि समजा गाडी तयार असती तरी मिरवणुकीला नेऊ दिली नसती तुमाला. नव्या बोअरचं इंजिन, हवेवर थंड होणारं. दोन-तीन तास माणसाच्या चालीनं चालवायची? पिस्टन जाम झाला असता."

पाडव्याला मी नऊवारी नेसून, चंद्रकोर लावून, चालत गेले. बुलेटवाल्या ताया जवळून गेल्या. या वेळी माझं लक्ष त्यांच्या नथीकडे नव्हतं. कान इंजिनाच्या आवाजाकडे होता. एकीचा टॅपेट वाजत होता!

पिस्टन आला. पुन्हा माती, पुन्हा ब्लेड, पुन्हा व्हर्निअर. इनलेट २.५, एक्झॉस्ट २.९. गॅस्केट जाड झालं म्हणून पुशरॉडची लांबी पुन्हा तपासली. अ‍ॅडजस्टर आता मध्यावर, मार्करचा पट्टाही मध्यावर. माती पुसून, पेट्रोलने धुऊन, एक कणही आत राहिला नाही ना हे टॉर्च लावून बघितलं. मगच शेवटचं हेड बसलं.

पहिली किक बाबांनी मारली. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर, अँमीटरचा काटा मध्ये, आणि एक शांत, पूर्ण किक. दुसऱ्या किकला ती बोलली. जुनाच आवाज. कडक नाही, भरलेला. मामांनी दहा मिनिटांत बंद केली. रात्रभर थंड होऊ दिली, सकाळी हेडचे नट पुन्हा आवळले आणि पुशरॉड पुन्हा बोटांनी फिरवून बघितले. पहिल्या गरमीत गॅस्केट बसतं, हेड केसभर खाली येतं आणि लावलेलं माप बदलतं. हे केलं नाही तर मागची सगळी मेहनत फुकट.

घाटाच्या पायथ्याशी

कर्जतला राहून एक गोष्ट कळते. इथे रेल्वेसुद्धा घाटाआधी थांबते. १८६३ मध्ये हा घाटमार्ग सुरू झाला. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर चढ, असा तो अवघड. पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना आजही कर्जतला मागून जादा इंजिनं, म्हणजे बँकर, जोडतात. दोन-चार मिनिटं जातात. डब्यातले लोक वडे खातात, कुणी कुरकुर करत नाही. कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत पाचशे मीटरहून जास्त चढायचं आहे, हे सगळ्यांना माहीत असतं.

पाचशे किलोमीटर सबुरीने चालवून रनिंग-इन झालं, तेल बदललं आणि मे महिन्यातल्या एका पहाटे मी आणि बाबा पुन्हा निघालो. खोपोली मागे पडली, वळणं सुरू झाली. शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे देऊळ. घाट चढणारे इथे नाणं वाहतात. बाबांनी दोन वाहिली. दुसरं कुणाचं, मी विचारलं नाही.

येताना तोच उतार, तोच दुसरा गिअर, इंजिन पुन्हा चढ्या सुरात. मी टक् असा आवाज यायची वाट बघत होते. आला नाही. वळण संपलं तेव्हा लक्षात आलं, बाबांचा हात माझ्या खांद्यावर नव्हता. मागचं कॅरिअर धरून ते आरामात दरी बघत बसले होते.

पहिल्या किकआधी : मामांची यादी

• हेड घासलं, गॅस्केट बदललं, पिस्टन बदलला, सीट कापली, कॅम बदलला. यातलं एकही केलं असेल तर पुशरॉड आणि पिस्टन-व्हॉल्व्ह अंतर, दोन्ही तपासायचं.

• टायमिंग गिअरवरच्या खुणा जुळल्यात ना, हे सगळ्यात आधी बघा. एक दात चुकला तर पुढचं सगळं माप खोटं.

• मातीच्या तपासणीत जे गॅस्केट शेवटी बसणार, त्याच जाडीचं वापरा. दाबला गेलेला त्याच जातीचा जुना असेल तर उत्तम.

• स्टार्टर किंवा किकने फिरवून बघू नका. हाताने, सावकाश, दोन फेरे.

• तुमची गाडी यूसीई इंजिनाची असेल तर टॅपेट हायड्रॉलिक आहे, म्हणजे आतलं तेल दाबून फट भरतो. हाताने फिरवताना व्हॉल्व्हच्या कडक स्प्रिंगखाली तो दबतो आणि अंतर खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. म्हणून तपासणीपुरते हलके स्प्रिंग लावा. शिवाय इथे अ‍ॅडजस्टर नसतो. हेड जास्त घासलं तर पुशरॉड लांब पडतो आणि टॅपेट तळापर्यंत दाबतो. अशा वेळी योग्य लांबीचाच पुशरॉड लागतो.

• व्हॉल्व्हचे स्प्रिंग नव्याच्या शेजारी उभे करून बघा. बुटके असतील तर बदला.

• गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा: "अंतर किती आलं?" आकडा मिळाला तर गाडी घ्या. "बसलं व्यवस्थित" असं उत्तर मिळालं तर बाकड्यावर बसा आणि चहा मागवा.